तक्त्यावरची दोन नावं

(नागपूर, महाल भागातली दत्तोपंतांची चित्रशाळा. कन्हानच्या शाळेचे चंपतराव मास्तर बगलेत गुंडाळलेला तक्ता घेऊन आले आहेत.)

चंपतराव : चहा नको, पंत. आधी हा तक्ता उलगडा. तुमच्याच हातचा हाये.

दत्तोपंत : माझाच की! ‘मध्यप्रांतातील साप’. चार वर्षं झाली. तुमच्या शाळेत अजून लावलेला आहे? बरं वाटलं, मास्तर.

चंपतराव : मण्यारीवर बोट ठेवा.

दत्तोपंत : परीक्षा घेताय का माझी? ही. खाली लिहिलंच आहे.

चंपतराव : लिहिलं ते मलेही वाचता येते. चित्र पाहा. पट्टे कुठून सुरू होऊन राहिले?

दत्तोपंत : मानेपासून. शेपटीकडे विरत गेलेत.

चंपतराव : मण्यारीचं उलटं असते. मान कोरी, पट्टे शेपटाकडे ठसठशीत. मानेपासून पट्टे असते कवड्याले. बिनविषारी बापडा. मण्यारीसारखा दिसते म्हणून पाखरं त्याले तोंड लावत नाहीत, तेवढ्यावरच जगते. हे सारं आता शिकलो मी. चार वर्षं पोराइले तुमची नावं वाचून दाखवली.

दत्तोपंत : चित्रं चोख आहेत, मास्तर. स्पिरिटच्या बरण्या समोर ठेवून काढलीत. एक खवला चुकलेला नाही.

चंपतराव : चित्रं चोखच हायेत. नावं काहून उलटली?

दत्तोपंत : छापखान्यात कोणीतरी...

चंपतराव : अक्षर तुमचं हाये.

दत्तोपंत : कोणाला काही झालं का?

चंपतराव : प्रेमलता गेली. माझी पोरगी. अकरावं चालू होतं.

दत्तोपंत : अरे देवा! कधी?

चंपतराव : महिना झाला. सकाळी गोवऱ्या काढाले गेली, त्यात साप. शेजारचा रामाजी काठी घेऊन धावला, तर ही आडवी. म्हणे, मारू नका काका, मान कोरी हाये, कवड्या हाये. हातानं उचलून कुंपणापाशी सोडला. मुंगी चावल्यासारखं झालं म्हणे. बोट चोखलं न् शाळेत आली.

दत्तोपंत : आणि दवाखान्यात नाही नेलंत?

चंपतराव : दुपारी पापण्या मिटाले लागल्या. आई म्हणे, मण्यार होती रे, दमणीले बैल जुंप, नागपूरले ने. मी आईले शाळेत आणून हा तक्ता दाखवला. तिले वाचता येत नाही, पंत. मी तिच्यावरच खेकसलो, छापलेलं खोटं असते काय? दिवेलागणीले पोरीले श्वास घेता येईना.

दत्तोपंत : मास्तर, मला माहीत होतं. पहिली प्रत हातात आली तेव्हाच दिसलं. पण शाळाखात्याचे साहेब तक्त्यावर खूश होते. ड्रॉइंग मास्तरच्या जागेसाठी माझं नाव त्यांच्यापुढे होतं. म्हटलं, साप एवढा कोण न्याहाळतो?

चंपतराव : पोरं न्याहाळतात.

दत्तोपंत : मला शरम वाटते हो.

चंपतराव : शरम राहू द्या. कचेरीत चला. साहेबापुढे एकदा सांगा. हुकूम निघाला तर आठ दिवसांत सगळे तक्ते उतरतील.

दत्तोपंत : त्याबरोबर मीही उतरेन. घरात सहा माणसं आहेत. आणि आता बोलून पोर परत येणार आहे का?

चंपतराव : हे आमच्या आईपुढे बोलून दाखवा.

दत्तोपंत : हात जोडतो. माझं नाव न येता जे करता येईल ते करा.

चंपतराव : तुमच्यापेक्षा कवड्या बरा. दुसऱ्याचं रूप घेते, पण कोणाचा जीव घेत नाही.

दत्तोपंत : बोला, काय बोलायचं ते बोला. पण असे उठलात कुठे?

चंपतराव : शाळाशाळांतून, तक्त्यांवरची नावं बदलाले. रजा टाकली हाये. हिंगण्याकडून सुरू करतो.

दत्तोपंत : पायी? शाळा किती आहेत ठाऊक आहे?

चंपतराव : नाही. तुमची शाई द्या. पक्की द्या.