पाहिले

मंडळी, बसलात नीट? मग एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातच ठेवा, शेजारच्याला सांगू नका. माणूस नेम धरतो तो कशासाठी? देवासाठी, की भिंतीवरच्या तक्त्यासाठी?

रोज अकरा माळा ओढणारे इथं पुष्कळ आहेत. हात वर करू नका! आठव्या माळेला दूधवाला येतो. त्याच्याशी दुधात पाणी किती यावरून वाद होतो – पण माळ थांबत नाही हो! बोटं चालूच! संध्याकाळी हिशेब पक्का: अकरा. त्यातली दीड माळ दूधवाल्याच्या नावानं झाली, ते कोण सांगणार? पेटीवाले, तुम्ही हसू नका. तुमच्यावर मी अजून आलोच नाही.

तर ऐका. चिंचघर नावाच्या गावात मुकुंद गायधनी नावाचे सर होते. हायस्कूलला मराठी शिकवायचे. एक जानेवारीला सरांनी संकल्प सोडला – वर्षात पन्नास पुस्तकं वाचणार! बरं, सोडला तो सोडला, गुपचूप वाचावं की नाही? छे! शिक्षकांच्या खोलीत, पाण्याच्या माठाच्या वर, तक्ता लागला. पन्नास चौकोन. पुस्तक झालं की चौकोन हिरवा. पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येकानं आधी सरांची विद्वत्ता बघायची, मग तहान भागवायची.

आता सरांना काम नव्हतं असं मी म्हणणार नाही. बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले होते. बारा वाजता वरून फोन – शाळेतल्या नळांची माहिती एकपर्यंत पाठवा. दोनला फोन – पोरांची वजनं पाठवा. तीनला – मघाची नळांची माहिती चुकीच्या नमुन्यात आहे, परत पाठवा! यात माणूस वाचणार कधी? मार्चपर्यंत हिरवे चौकोन चार.

मग सरांनी काय केलं? पुस्तकं कमी केली? नाही. पुस्तकांची व्याख्या वाढवली! सोळा पानांचं बालगीतांचं पुस्तक – एक चौकोन. बायकोचं लोणच्यांचं पुस्तक – एक चौकोन. आणि मंडळी, खोटं वाटेल, पण पंचांग! अहो, पंचांग वाचून संपवलं म्हणे! ऑगस्टात चौकोन सदतीस. मुख्याध्यापकांनी सभेत सरांचा आदर्श घ्यायला सांगितला. सरांनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, विनयानं.

आणि सरांची वह्या तपासायची रीत सांगतो. वही उघडायची, पानाखाली लाल पेनानं बरोबरची खूण, त्याखाली एक शब्द – 'पाहिले' – आणि सही. तुमच्याही वह्यांवर असायचा ना तो शब्द? 'वाचले' नाही हं, 'पाहिले'! नववीतल्या एका मुलीनं 'माझा आवडता ऋतू' या निबंधात, हिवाळा संपून उन्हाळा लागायच्या मधे, बटाट्याच्या रश्श्याची कृती लिहून दिली होती. मीठ चवीनुसार. खाली सरांची खूण. पाहिले!

हसताय? हसा. पुढं हसायला मिळणार नाही.

त्याच गावात निरगुडकर बाई राहायच्या. निवृत्त शिक्षिका, वय पंच्याहत्तर. याच मुकुंदाला चौथीपर्यंत जोडाक्षर येत नव्हतं, तेव्हा शाळा सुटल्यावर पायरीवर बसवून ज्यांनी एकेक अक्षर त्याच्या तोंडात घातलं, त्या या बाई. आता काचबिंदूनं त्यांचे डोळे जवळजवळ गेलेले. तरी जाड पेनानं, चाचपडत, त्यांनी आपल्या आठवणी लिहून काढल्या होत्या. छापखान्यातून कच्चे कागद तपासायला आले, आणि बाईंनी मुकुंदाला बोलावलं.

बाई म्हणाल्या, "बाकीच्या चुका राहिल्या तर राहू देत. प्रमिलेबद्दल जे लिहिलंय, तेवढं नीट वाच. ती येणार आहे प्रकाशनाला. ते चुकलं तर हे सगळं लिहून उपयोग नाही."

प्रमिला म्हणजे बाईंची धाकटी बहीण. एकतीस वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. का, ते पुस्तकात होतं. म्हणजे वाचणाऱ्याला कळलं असतं! सर म्हणाले, डोळ्यांत तेल घालून बघतो बाई.

बघितलं की! सहावा तास मोकळा होता. एकशे साठ पानं, पस्तीस मिनिटं. त्यात छापखान्याचा फोन – उद्या मशीनला लावायचंय, पाठवा. त्यात वजनांचा तक्ता. सरांचा हात सुटला. पान उलट, खूण, पाहिले, सही. पान उलट, खूण, पाहिले, सही. तास संपायला पाच मिनिटं असतानाच गठ्ठा संपला, आणि राहिलेल्या पाच मिनिटांत सरांनी अडतिसावा चौकोन हिरवा केला.

काय होतं त्या पहिल्या कागदावर? सांगणार नाही! त्यानं वाचलं नाही, तुम्हाला का आयतं मिळावं?

प्रकाशनाचा दिवस. शाळेचंच सभागृह. बाई खुर्चीत, नवं लुगडं, तोंडावर दहा वर्षांची लेक सासरहून यायची असावी तसा आनंद. अहो, लेक दहा वर्षांची कशी सासरहून येईल? चुकलं माझं. बघा, तुम्ही एकानंही पकडलं नाही! माना डोलावताय नुसत्या. पाहिले!

तर प्रमिलाबाई दोन एसट्या बदलून आल्या, शेवटच्या रांगेत बसल्या. गायधनी सर भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, बाईंचं हे पुस्तक मी अक्षरन् अक्षर वाचलं आहे. टाळ्या. पुस्तकं वाटली गेली. प्रमिलाबाईंनी पहिलं पान उघडलं. बघितलं. पुस्तक मिटून खुर्चीवर ठेवलं आणि कुणाशी न बोलता निघून गेल्या.

सरांनी व्यासपीठावरून ते बघितलं. खाली आले, तेच पुस्तक उचललं, उघडलं. अर्पणपत्रिका. बाईंनी लिहिलं होतं 'माझी धाकटी बहीण चि. सौ. प्रमिला हिला'. छापलं होतं – 'कै. सौ. प्रमिला हिला'. चि. म्हणजे चिरंजीव, खूप जग. कै. म्हणजे कैलासवासी, गेली! पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापखान्यानं प्रमिलाबाईंचं श्राद्ध घातलं, आणि त्याखाली सरांनी सही केली होती.

लोक पांगले. बाईंनी विचारलं, प्रमिला आली होती ना, मग भेटली का नाही? सर म्हणाले, एसटीची वेळ झाली असेल.  बाई म्हणाल्या, मुकुंदा, पहिलं पान वाचून दाखव.

आता बघा गंमत. बाईंना दिसत नाही. तोंडानं 'चि.' म्हटलं की सुटला! वर्षभर हेच तर केलं. कुणी पकडलं होतं? त्या रश्श्यावर सही केली तेव्हा आभाळ कोसळलं होतं? सरांनी तोंड उघडलं, आणि मंडळी, ते 'चि.' काही तोंडातून येईना. पायरीवर बसून ज्या बाईंपुढं जोडाक्षरं फोडली, त्याच समोर होत्या. चौथीतल्यासारखं अक्षर-अक्षर लावत वाचलं – कै. सौ. प्रमिला.

बाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. मग म्हणाल्या, पाचवं प्रकरण काढ.

सरांनी काढलं. त्यात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं – अडतिसावा चौकोन हिरवा होता, तरी! प्रमिलेनं वडिलांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं. नवऱ्याला घेऊन दारात आली. थोरल्या बहिणीनं दार अर्धं लावून घेतलं आणि सांगितलं, आजपासून आम्हाला तू मेलीस. ते एक वाक्य परत घ्यायला बाईंनी, दिसत नसताना, एकशे साठ पानं लिहिली होती. आणि यानं तेच वाक्य पहिल्या पानावर पुन्हा छापू दिलं.

"हे तू वाचलं होतंस?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई," सर म्हणाले. "पाहिलं होतं."

मंडळी, सगळ्या वर्षात या माणसानं खरं बोललेलं हे पहिलं वाक्य. मला त्याची दया येत नाही. तुम्हाला येत असेल तर आपापल्या वह्या आठवा.

रविवारी सर दोन एसट्या बदलून प्रमिलाबाईंच्या दारात गेले. छापखान्यातून तो कच्चा कागद परत आणला होता. बाईंच्या हातचा मूळ कागदही नेला – त्यावर मोठ्या, वाकड्या अक्षरात 'चि.' होतं. दोन्ही पुढं ठेवले. लाल खूण नेमकी 'कै.'च्या खाली. प्रमिलाबाईंनी बाईंचं अक्षर बोटानं चाचपलं, बराच वेळ. मग विचारलं, पोरांनी चूक केली की काय सांगता मास्तर?

सर म्हणाले, वीस वेळा लिहून आणा.

"पुस्तकं किती छापली?"

"तीनशे."

"मग तीनशे वेळा लिहा. मी जिवंत आहे."

लिहिलं! त्याच खोलीत, त्याच माठाशेजारी बसून, मधल्या सुट्ट्यांत आठ दिवस. एकेक पुस्तक उघडायचं, 'कै.' खोडायचं, 'चि.' लिहायचं, खाली सही. वाटलेल्या प्रती घरोघर जाऊन मागून आणल्या, आणि प्रत्येक घरी का मागतोय ते सांगावं लागलं. गावाला त्यातून जेवढी करमणूक झाली, तेवढी माझ्या कीर्तनातूनही होत नाही. दुरुस्त केलेली पहिली प्रत प्रमिलाबाईंना पोचती केली. त्यांनी घेतली आणि दार लावलं.

महिना गेला. सर रोज शाळा सुटली की बाईंना पुस्तक वाचून दाखवायचे. दिवसाला तीनच पानं. बाई थांबवायच्या, चूक विचारायच्या. एका संध्याकाळी पाचवं प्रकरण चालू असताना दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. सर वाचायचे थांबले. बाईंना दिसेना. त्यांनी विचारलं, कोण आहे?

"कैलासवासी आलेत," दारातून प्रमिलाबाई म्हणाल्या. "आत घेताय, की याही वेळी अर्धंच दार?"

बाई उठल्या. चाचपडत भिंत धरून गेल्या आणि दोन्ही फळ्या उघडायला लागल्या. दार आधीच सताड उघडं होतं, हे त्यांना दिसलं नव्हतं. त्या हातानं हवाच ढकलत राहिल्या, आणि प्रमिलाबाईंनी तो हात धरला.

डोळे पुसा. पुसा, मी बघत नाही. तक्त्याचं काय झालं विचाराल, तर सरांनी तो उतरवला. डिसेंबरअखेर त्यांची नीट वाचलेली पुस्तकं किती झाली? एक. ते एक मात्र तुम्ही कुठूनही विचारा!

आता तुमच्याकडे येतो. घरी जाल, सुनेला सांगाल, आज कीर्तन ऐकलं. सप्ताहाची सात कीर्तनं पूर्ण झाली म्हणाल. त्या मागच्या खांबाला टेकलेल्या गृहस्थांची सातवी झोपही पूर्ण झाली! माझ्या बोलण्यातल्या किती शब्दांखाली तुम्ही नुसतं 'पाहिले' लिहिलंत? तुमच्याही दारात कुणी उभं आहे का, ज्याच्या नावाआधी तुम्ही जिवंतपणी 'कै.' लावून टाकलंय? तो कागद घरी जाऊन काढा. नीट वाचा.

पेटीवाले, सूर धरा. म्हणा आता विठ्ठलाचं नाव सगळे – आणि बोटं मांडीवर ठेवा, आज मोजायचं नाही.