चालकाला वाचता येणार नाही

थांबा, थांबा — ती फ्लॉपी आत घालू नका. आधी इकडे ठेवा, टेबलावर, माझ्यासमोर. हां. राग मानू नका ताई, पण या यंत्रात काय जातं ते मी आधी बघतो, मगच आत सोडतो. तीन वर्षं हा बोर्ड चालवतोय — याच पुढच्या खोलीत, या एका कॉम्प्युटरवर, या एकाच टेलिफोन लाइनवर — एकदा तरी बंद पडला? विचारा कुणालाही. घरबसल्या फोन लावायचा, आपला कॉम्प्युटर माझ्या कॉम्प्युटरला जोडायचा, लोकांचे निरोप वाचायचे, आपले लिहायचे, अर्धा तास झाला की बाहेर — मग दुसरा. एका वेळी एकच. एकेचाळीस सभासद, सारखा एंगेज टोन ऐकतात बिचारे, पण तक्रार नाही. म्हणजे नव्हती. आता तुम्ही आलात यादी घेऊन! सगळ्यांनी मिळून बोलावलं म्हणता, नवा प्रोग्राम लिहून द्या म्हणून. माझ्या पाठीमागे? बरं, पाठीमागे नाही, बोर्डावर जाहीर लिहिलं होतं, मी वाचलं होतं, कबूल. पण स्क्रीनवर वाचणं वेगळं आणि माणसानं फ्लॉपी घेऊन दारात उभं राहणं वेगळं.

वाचू का पुन्हा? मोठ्यानं वाचतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारा वाचल्याशिवायच नाही म्हणाला. एक — चाळीस आज्ञा पाठ कराव्या लागू नयेत, समोर यादी यावी, आकडा दाबला की काम व्हावं. बरोबर आहे. दोन — लिहिता लिहिता फोन कटला तर अर्धा निरोप वाहून जाऊ नये. हे तर झकास, हे माझ्या डोक्यात का आलं नाही म्हणून मीच मला दोन शिव्या घातल्या. तीन, चार, पाच, सहा — कुणी कधी आलं ते चालकाला एका नजरेत दिसावं, कचरा एका फटक्यात पुसता यावा, रोज उठून झाडलोट नको. म्हणजे माझीसुद्धा सोय बघितलीत. खरं सांगू? तिथंच मला शंका आली. फुकटात कोण कुणाची एवढी सोय बघतं? म्हटलं, आता पुढे काहीतरी येणार. आणि आलंच की! सात. 'खासगी पत्रं कुलूपबंद. ज्याला लिहिलं त्यालाच उघडता यावीत. चालकाला वाचता येणार नाहीत.' हे कुणी घातलं? नाही, सरळ सांगा ना — कुणी?

मी वाचतो असं म्हणणं आहे का कुणाचं? वाचता येतात म्हणजे वाचतो असं होत नाही. सगळं याच डबड्यात साठतं, फाइल उघडली की दिसतं, त्याला मी काय करू? मला वेळ तरी आहे का? ती इस्त्रीवाली आणि ते मास्तर एकमेकांना कविता पाठवतात, एकेक दीड पानाची, भयंकर असतात, कोण वाचत बसणार — काय? भयंकर असतात ते मला कसं... हे बघा, फाइल लांब झाली की उघडून बघावी लागते, डिस्क भरते. भरते की नाही? तुम्हीच सांगा, तुमचा धंदा आहे. मान डोलवू नका नुसती.

बरं, बसवा कुलूप. माझी ना नाही. पण आज नको. पुढच्या आठवड्यात बसवा. आज मंगळवार — गुरुवार, म्हणजे शुक्रवार, शनिवार जाऊ द्या, सोमवारी या, मी स्वतः चहा करून देतो आणि उठून ही खुर्चीही देतो. गुरुवारी काय आहे? गुरुवार मी म्हटलंच नाही. म्हटलं? नाही हो, मी शुक्रवार म्हटलं. तुम्ही फार चौकस आहात ताई. तुम्हाला त्यानंच पाठवलेलं नाही ना? त्यानं म्हणजे... राहू द्या.

हे बघा, एक सभासद आहे. बोर्डावरचं नाव 'बारा पॉइंट'. खरं नाव, फोन नंबर वगैरे अर्जावर फक्त चालकाला दिसतं, आणि तो अर्ज आला तेव्हा मी या खुर्चीतून पडायचाच बाकी होतो. माझा धाकटा भाऊ. सख्खा! बाबांच्या छापखान्यात बारा पॉइंट मापाच्या खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या अक्षरांची पेटी त्याच्याकडे होती, म्हणून ते नाव. नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही, आणि हा पठ्ठ्या माझ्याच यंत्रात येऊन बसला. त्याला काय कल्पना? इथं मी नुसता 'चालक'. कार्ड लावलंय रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात, तिथून त्यानं नंबर घेतला असणार. दोन वर्षं झाली. रोज संध्याकाळी सहाला येतो. बाजारभावापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्यांशी वाद घालतो, आणि एका 'माळी' नावाच्या माणसाला पत्रं लिहितो. खासगी. हो, वाचतो. त्याची वाचतो. झालं समाधान?

मी काही वाईट नाही केलं हो. त्यानं माळ्याला लिहिलं, काचबिंदू निघाला, कडेचं दिसत नाही, स्क्रीनवरची अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. मग मी काय केलं — तो आत आला की त्याच्यापुरती अक्षरं दुप्पट मोठी, आणि अर्ध्या तासाऐवजी तास. रात्रभर जागून बसवलं. आणि गाढवासारखा एवढंच विसरलो की हे त्यानं चारचौघात सांगितलेलंच नव्हतं! दुसऱ्या दिवशी त्यानं जाहीर विचारलं, 'चालक, माझी अक्षरं मोठी कशानं झाली?' मी उत्तर दिलं, यंत्रात बिघाड. बिघाड! एकाच माणसाची अक्षरं मोठी करणारा बिघाड! मग लोकांना कळायला किती वेळ? तिथून हा तुमचा सातवा मुद्दा निघाला. मला ठाऊक आहे. त्यानंच काढला असणार.

काय म्हणता? चाळीस जणांनी हो म्हटलं आणि एकट्यानं नाही? आणि तो एकटा म्हणजे — हा? बारा पॉइंट? दाखवा. 'माझ्या पत्रांना कुलूप नको.' हे काय नवीन? का नको? आपली पत्रं कोणी वाचतंय हे कळल्यावर कुठला शहाणा माणूस म्हणेल, वाचू द्या? यात काहीतरी डाव आहे. मला रंगेहाथ पकडायचं असेल. तो तसा आहे. बाबांच्या वेळीही त्यानं मला असंच पकडलं — म्हणजे, त्याच्या म्हणण्याप्रमाणे चूक माझी. बाबांना हाच काचबिंदू. डॉक्टरांनी थेंब दिले, मी म्हटलं, यांचं काय जातंय थेंब द्यायला, जन्मभर बांधून ठेवायचे धंदे आहेत, नका घालू. बाबांनी माझं ऐकलं. थोरल्याचं ऐकलं. खिळे जुळवणारा माणूस, शेवटी त्याला स्वतःचा हात दिसेना. धाकटा सगळ्यांसमोर म्हणाला, दादा, तुझ्या संशयानं बाबांचे डोळे खाल्ले. मी त्याला घराबाहेर काढलं. खरं बोलला म्हणून काढलं, दुसरं काही नाही.

आता गुरुवारी त्याचं ऑपरेशन आहे. बरोबर कुणालातरी आणा म्हणालेत. माळ्याचा गुडघा मोडलाय, तो येऊ शकत नाही, हे धाकट्याला पक्कं माहीत आहे. तरी परवा लिहितो काय, 'बरोबर कुणाला नेऊ? नेण्यासारखं एकच माणूस आहे.' आता हे एकच माणूस कोण, ते आज-उद्या लिहीलच ना तो! आणि पुढे काय झालं, नजर टिकली की नाही, तेही लिहील. तेवढं मला वाचू द्या. मग लावा कुलूप, दोन लावा.

आता हे शेवटचं काय? दुसरी लाइन घ्या, म्हणजे दोघं एकदम येतील. घेऊ. आणि त्यासाठी नंबर नवा घ्या? छे! नंबर बदलायचा नाही. खोडा ते. अहो हा छापखान्याचा नंबर. छापखाना गेला, खिळे वितळवायला गेले, मी फक्त ही लाइन घरी आणून घेतली. एक्स्चेंजनं पुढे दोन आकडे लावले तेवढंच, बाकीचे पाच तेच. बाबांनी आम्हाला अक्षरं शिकवायच्या आधी तो नंबर शिकवला होता, हरवलात तर सांगा म्हणून. धाकटा तर झोपेत विचारलं तरी घडाघडा —

काय बघताय माझ्याकडे?

तो नंबर त्यानं स्वतःच्या हातानं टाइप केला असेल. पहिल्या दिवशी. एकेक आकडा.

म्हणजे कुणाला नेऊ हे त्यानं माळ्याला नाही, मला... दोन वर्षं रोज सहाला तो...

उठा ताई. ती फ्लॉपी ठेवा, नाहीतर घेऊन जा, कुलूप आज लावा, उद्या लावा, मला काही फरक पडत नाही. सरका, मला ती मागची वायर काढू द्या. बोर्ड बंद! आत कोण असेल तो पडेल बाहेर, शिव्या घालू दे. मला बोलायला लाइन हवी आहे. नंबर? त्याचा नंबर अर्जावर आहे, दोन वर्षं आहे माझ्याकडे. तुम्ही निघा आता. दार ओढून घ्या. तुमच्यासमोर मला बोलता यायचं नाही.