पडद्यावरचे सर

नाही, पण मला सांगा, बारा वर्षं दर रविवारी जयपुरातल्या मराठी पोरांना मी मराठी शिकवली, आणि आता म्हणे, ‘रंगनाथकाका, तुम्ही आराम करा’... कोण म्हणतं? आमच्या मंडळाचा सेक्रेटरी, संकल्प. आयटीतला पोरगा, गुणी आहे हो. ‘काका, धडे रेकॉर्ड करू. एकदा शिकवा, कायम वापरा!’

तुम्हाला सांगतो, मी हुरळलो. इथे सगळे बदलीवाले, बँकेतले, विम्यातले. पोर जरा वाचायला लागतं न लागतं तोच बाप निघाला गुवाहाटीला. आता असाच गुवाहाटीला गेलेला माझा विद्यार्थी निनाद तिथे बसून माझे धडे बघतो, खोटं कशाला बोलू? तर केले तीस धडे. रिकामा हॉल, समोर काळं कुत्रं नाही, आणि संकल्प सांगतोय, ‘काका, प्रश्न विचारा, मनात दहा आकडे मोजा, मग म्हणा शाब्बास, पुढे चला.’ कुणाला शाब्बास? खुर्च्यांना? पण म्हटलं. एकदा शिकवा, कायम वापरा...

दोन रविवार हॉलमध्ये पोरांना पडद्यावर माझे धडे लावले, मी घरी मटार सोलले. तिसऱ्या रविवारी बायकोच म्हणाली, ‘जा बाई, बघून या एकदा.’ गेलो. फाटकातच सलोनी. आठ वर्षांची, शहराच्या पार दुर्गापुरा भागातून येते, एरवी लांबून धावत येणारी पोर, तोंड फिरवून उभी.

‘काय झालं गं?’

‘मी तुमच्याशी नाही बोलणार. नागपूरची आजी हॉस्पिटलमध्ये होती ना. पापा बोलले, फोनवर मराठीत बोल. मतलब काय बोलू? मी तुम्हाला विचारलं, मागच्या संडेला. तुम्ही थांबले. माझ्याकडेच बघत होते. और फिर बोले, शाब्बास, पुढे चला.’

आता तिची गणिताची ट्यूशनवाली बाई रोज पडद्यावरूनच बोलते, ऐकते, रागावतेसुद्धा. पोरीला काय ठाऊक, आमचा पडदा बहिरा आहे? म्हटलं, ‘मग आजीशी काय बोललीस?’

‘काहीच नाही. फोन धरून बसली. आजी हॅलो हॅलो करत होती.’ मग म्हणाली, ‘गुरुवारी आजी गेली.’

गलबलून आलं हो मला. ‘आजी, मी सलोनी’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं, बाकीचं आजी बोलली असती. एवढंच सांगायचं होतं कुणीतरी... आणि आत हॉलमधून माझाच आवाज, खणखणीत. एकदा शिकवा, कायम वापरा... म्हटलं, ‘बाळ, अगं, तो मी नव्हतो, तो नुसता...’

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘आप ही थे, सर. यही स्वेटर था.’

म्हटलं, हो बाळ, मीच होतो.