पान एकशे बारासाठी एक चिठ्ठी

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, कार्यकारी मंडळाचे सभासद, पुस्तकं वेळेवर परत करणारे आणि न करणारे सर्व वाचक, आणि आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सहायक ग्रंथपाल बाई, सर्वांना माझा नमस्कार.

मी या ग्रंथालयाचा बाइंडर. तळघरातल्या खोलीत बसतो, त्यामुळे पुष्कळांनी मला आजच पाहिलं असेल. बाईंच्या व्यासंगावर आधीचे वक्ते छान बोलले, ते मला जमणार नाही. मला एकच काम करायचंय, आणि ते चौदा वर्षं उशिरा करतोय. बाईंच्या नावावर एक चूक लागली आहे. ती माझी आहे.

विज्ञानाच्या कपाटातली पुस्तकं आपण चाळली असतील. त्यात मधेच एखादी पिवळी चिठ्ठी निघते. ही बाईंची पद्धत. पुस्तक छापून झालं म्हणून विज्ञान काही थांबत नाही. एका जुन्या पुस्तकात लिहिलंय, माणूस चंद्रावर कधी उतरेल हे आज सांगता येत नाही. शेजारी बाईंची चिठ्ठी : ‘उतरला. २० जुलै १९६९.’ दुसऱ्या एकात माणसाच्या पेशीत अठ्ठेचाळीस गुणसूत्रं आहेत, चिठ्ठीवर शेहेचाळीस. खळ फक्त एका कडेला लावलेली, म्हणजे चिठ्ठी उचलली की खालचा मजकूर वाचता येतो. मी एकदा म्हटलं, “बाई, सरळ खोडून टाका ना. कशाला एवढा उपद्व्याप?” तर म्हणाल्या, “खोडलं तर वाचणाऱ्याला वाटेल, शहाणी माणसं कधी चुकतच नाहीत.”

चौदा वर्षांपूर्वी मंडळात विषय निघाला, की विज्ञानाची जुनी पुस्तकं चुकीची झाली आहेत, रद्दीत काढावीत. बाई म्हणाल्या, आधी कपाट बघा, मग ठरवा. सोमवारी पाहणी ठरली. त्याआधीचा आठवडा बाई आईच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या. आता माझी अक्कल ऐका. मंडळ म्हणतंय पुस्तकात चुका आहेत, आणि या चिठ्ठ्या तर पानोपानी बोट दाखवताहेत, इथे चूक, इथेही चूक. मी ओलं फडकं घेऊन सगळ्या चिठ्ठ्या सोडवल्या आणि फेकून दिल्या. अकरा वर्षांच्या चिठ्ठ्या. एकही पान फाटू दिलं नाही, याचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू.

शनिवारी बाई आल्या. दोन-तीन पुस्तकं उघडून पाहिली.

“चिठ्ठ्या?”

“काढल्या बाई. चुका उघड्या पाडत होत्या.”

त्या स्टुलावर बसल्या. “अहो, चुका आहेत हे त्यांना ठाऊकच आहे. त्या दुरुस्त होतात, तेच तर दाखवायचं होतं.”

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन दिवस त्या आठवून आठवून सांगत होत्या, मी पान शोधून चिकटवत होतो. पंधरा वर्षं मी ती पुस्तकं बांधत आलो होतो, आत काय आहे ते तेव्हा पहिल्यांदा वाचलं. दोनशेच्या आसपास चिठ्ठ्या झाल्या. होत्या त्याच्या निम्म्याही नाहीत.

सोमवारी पाहणीला, अध्यक्षमहोदय, आपणच होतात. आपण नेमका हात घातलात तो ग्रहमालेच्या पुस्तकाला. नऊ ग्रह, आणि चिठ्ठी नाही. आपण विचारलंत, “याची दुरुस्ती कुठे आहे?” मी तिथेच उभा होतो. मला नोकरीत कायम करायचं की नाही, हे त्याच महिन्यात ठरायचं होतं, आणि बाईंना ते माहीत होतं. त्या म्हणाल्या, “माझ्याकडून राहिली.” मी तोंडातून शब्द काढला नाही.

कपाट वाचलं, कारण बाकीच्या चिठ्ठ्या आपण तासभर वाचत बसलात. मी कायम झालो. बाईंचा निष्काळजीपणा मात्र इतिवृत्तात नोंदला गेला. मुख्य ग्रंथपालाची जागा त्याच वर्षी भरायची होती, ती बाहेरून भरली. बाई आज सहायक म्हणूनच निवृत्त होताहेत, आणि मानपत्रातही तसंच लिहिलंय.

इतिवृत्ताचे खंड मीच बांधतो. पान एकशे बारा आलं की घाईने उलटायचो. एकदा बाईंना म्हणालो, सांगून टाकतो. त्या म्हणाल्या, “आता काय उपयोग? तुमचं काम चांगलं आहे, ते करा.” म्हणून गप्प बसलो. खरं सांगायचं तर, सुटलो असं वाटलं म्हणून गप्प बसलो. त्याची लाज वाटते.

तो खंड आज सोबत आणलाय. चिठ्ठी लिहिली आहे, वाचतो. ‘पान ११२, ओळ सहावी. सहायक ग्रंथपालांच्या निष्काळजीपणामुळे, हे बरोबर नाही. चिठ्ठ्या बाइंडरने काढल्या होत्या. बाइंडर तेव्हा हजर होता आणि गप्प राहिला.’ खाली आजची तारीख आणि माझी सही. बाई, नको म्हणून मान हलवू नका, खळ लावून झाली आहे. अध्यक्षमहोदय, आपली परवानगी असेल तर आपल्यासमोरच चिकटवतो. मूळ वाक्य खोडत नाही. एकाच कडेला लावतो.

एवढा वेळ ऐकून घेतलंत, आपला आभारी आहे. मला माईकची सवय नाही, काही कमीजास्त बोललो असेन तर सांभाळून घ्या. बाई, तेव्हा उरलेल्या चिठ्ठ्या तुम्ही पुढे एकेक करून सगळ्या लिहिल्यात. ही एक तेवढी माझ्याकडून राहिली होती.