दूध न पिणारा

रक्ततपासणीच्या खोलीबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर एक म्हातारी आणि तिची मुलगी बसल्या होत्या.

"डॉक्टर म्हणाले, दादाच्या गाठीत प्रोटीनच नाही. कसं असेल? लहानपणी दूध बघितलं की तोंड फिरवायचा. मीच लाडावून ठेवला."

"आई, ते खाण्यातलं प्रोटीन नाही गं. पेशींमधल्या चुका दुरुस्त करणारं एक असतं. आतड्यातल्या गाठीत ते सापडलं नाही."

"म्हणजे माझ्या स्वयंपाकात काही कमी पडलं नाही ना?"

"काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

"महिनाभर मला अन्न गोड लागत नव्हतं बघ. मग ते प्रोटीन गेलं कुठं?"

"कधीकधी जन्मापासूनच तो दोष असतो. आईवडिलांकडून येतो."

"तुझी आजी आतड्याच्याच दुखण्यानं गेली. मामाही."

"सांगितलंय मी डॉक्टरांना."

"आणि दादा तर वर वॉर्डात झोपलाय. मग इथं रक्त कुणाचं द्यायचंय?"

"माझं."

"तुझं कशाला? तू तर दुधाचा पेला एका दमात संपवायचीस गं."