दहा आकडी तारखा

लेक : सरक गं जरा, मला खुर्चीवर बसू दे. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आलेय.

आई : बस की. ते एंटरचं बटण अडकतं, जरा दाबून मार.

लेक : कालपर्यंत नीट दिसत होतं?

आई : अगदी नीट. काल कुणीतरी नवा प्रोग्रॅम चढवून गेलं, आणि आज बघते तर लसीच्या तारखेच्या जागी हे दहा-दहा आकडे. अकराशे बाळं आहेत आपल्या आरोग्य केंद्रात, एकाचीही तारीख कळेना. ज्यांच्या पहिल्या डोसला आज अठ्ठावीस दिवस झाले, त्यांच्या घरी फोन करायचेत. डॉक्टरबाई यादी मागतायत.

लेक : एवढंच ना? १९७० सालच्या एक जानेवारीपासून किती सेकंद झाले, तो हा आकडा. कॉम्प्युटर तिथून मोजतो. एक सूत्र टाकलं की... हं, घे तुझ्या तारखा.

आई : चुकल्यात.

लेक : आई, रोजचं काम आहे हे माझं.

आई : असेल. पण ही सात बाळं बघ. यांना रविवारी लस दिली म्हणे. एकवीस वर्षं मी इथे कारकुनी करतेय. रविवारी केंद्राला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. माझ्या हिशोबाने ती सोमवारची आहेत.

लेक : तुझ्या हिशोबाने? कुठला हिशोब?

आई : हा काय, वहीत. तू येईस्तोवर माशा मारत बसू? सकाळी दोघी जणी बाळांना घेऊन आल्या, लसीची तारीख लिहिलेली कार्डं होती त्यांच्याकडे. एकीचं मंगळवारचं, दुसरीचं दुसऱ्या दिवशीचं. दोघींचे आकडे वजा केले. शहाऐंशी हजार चारशे! म्हटलं, हे काय असावं? चोवीस गुणिले साठ गुणिले साठ करून बघितलं. तेवढेच. दिवसाचे सेकंद!

लेक : आणि मग अकराशे तारखा हाताने काढल्यास?

आई : खुळी का काय? आजपासून अठ्ठावीस दिवस मागचा आकडा तेवढा काढला, तो स्क्रीनवर शोधला. तेवीस बाळं निघाली.

लेक : मग मला कशाला बोलावलंस?

आई : डॉक्टरबाई म्हणाल्या बोलवा. माझ्या गणितावर बाळाला सुई कशी टोचायची? बारावीला गणितातच नापास झाले होते मी.

लेक : आई... माझं चुकलं. या आकड्यांत आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री बाराची वेळ धरलीय. माझ्या सूत्राने भलत्याच देशाचं घड्याळ धरलं, काही तास मागचं, तिथे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळच असते. म्हणून प्रत्येक तारीख एक दिवस आधीची आली.

आई : बाई गं! म्हणजे उद्याची बाळं आजच बोलावली असती. दिवस भरायच्या आत टोचलेला डोस धरत नाहीत, पुन्हा टोचावं लागतं.

(डॉक्टरबाई आत येतात.)

डॉक्टर : झालं का? तुमची मुलगी धावून आली म्हणून निभावलं हो.

लेक : माझ्यावर विसंबून राहिला असतात तर घोळ झाला असता, डॉक्टर. यादी आईची आहे. तिनेच माझी चूक पकडली.

आई : काहीतरीच तुझं! एका दिवसाचा तर फरक.

डॉक्टर : थांबा, बाहेर बाकावर जुळ्यांची आई बसलीय, तिचं हे कार्ड. तुमच्या वहीत आहेत का जुळी?

आई : आहेत ना. अकरा आणि बारा नंबर.

डॉक्टर : आजचीच आहेत. तारीख बरोबर जुळतेय! अहो, मग सकाळीच का नाही सांगितलंत?

आई : सांगत होते. तुम्ही म्हणालात, मुलीला येऊ द्या.

डॉक्टर : ...हो, म्हणाले खरी. चुकलंच माझं.

लेक : आमच्या ऑफिसात असली चूक शोधायला चार-चार माणसं बसतात. मी उद्या सगळ्यांना सांगणार आहे, माझ्या आईने ती वहीत पकडली.

आई : पुरे झालं कौतुक. तो फोन इकडे दे... हॅलो, आरोग्य केंद्रातून बोलतेय. बाळाला दुसऱ्या डोसला घेऊन या. हो, आजच. नाही हो, अगदी नक्की. तारीख मी स्वतः काढलीय.