कोऱ्या शीटवरची सही

हॅलो?… हो, मनांग फेलिसा, बोल… मीच, मिलाग्रोस. आवाज बसलाय जरा, मनिलाच्या हॉस्पिटलात दीड महिना एसीत काढला ना… परवाच इलोइलोत परतले. आई बरी आहे. पेज खाते, वर पेजेला नावंही ठेवते.

शनिवारी?… फादर किती वाजता येणार?… थांब, अगं ऐक ना. फादरनी पाणी शिंपडायच्या आधी मला तुझ्याशी बोलायचंय… नाही, पान्सितच्या शेवया कोण करणार ते नाही. तुझ्या बालवाडीच्या नकाशाबद्दल.

हो, पाहिला. काल. नगरपालिकेतल्या बाईंनी माझं अभिनंदन केलं, "आर्किटेक्ट, तुमच्या मनांगचं, थोरल्या मावसबहिणीचं, काम झालं हं." मी म्हटलं, कुठलं काम?… तेच तर. तो नकाशा मी काढलेला नाही, मनांग. सही माझी, शिक्का माझा, नकाशा माझ्या ऑफिसातल्या रोमुलोचा.

हो, चांगला ड्राफ्ट्समन आहे… हो, घरचं काम म्हणून केलं त्याने… तू काही चोरलंस असं मी म्हटलेलं नाही. चूक माझी. मनिलाला निघताना मी त्याच्याकडे सहा कोऱ्या शीट ठेवल्या. सही करून, शिक्का दाबून. कुणाची कामं अडू नयेत म्हणून… सगळेच करतात, बरोबर. मीही तेच म्हणाले होते स्वतःला.

नाही गं, सही म्हणजे नुसतं नाव नव्हे. हे मी पाहिलंय, इथे कुणाला इजा होणार नाही, असा शब्द असतो तो. आणि मी तर पाहिलंच नव्हतं.

काय करणार म्हणजे?… नगरपालिकेला पत्र. नकाशा माझा नाही, शीट मीच कोऱ्या दिल्या होत्या, मंजुरी थांबवा… दोन्ही लिहायचं. अर्धंच लिहिलं तर रोमुलो एकटा चोर ठरतो… माझं लायसन्स? जाऊ शकतं. काही महिने, कदाचित कायमचं… हो, तुझ्याच स्वयंपाकघरात बसून परीक्षेचा अभ्यास केलाय मी. विसरले नाही. जेवायला वाढतानाही तू मला पाठांतर विचारायचीस.

किती मुलं म्हणालीस?… अडतीस. सगळी वरच्या मजल्यावर?… तू आत्ता तिथेच आहेस ना? टेप आहे का?… शिवणाची चालेल. जिन्याची रुंदी मोज. कठड्याच्या आतून… मी थांबते.

हं… बहात्तर सेंटिमीटर. नकाशात एकशेदहा लिहिलंय… मिस्त्रीने मोरीची भिंत सरकवली? बरं. वरचं दार कुठल्या बाजूला उघडतं?… आत. खिडक्यांना जाळी?… कुलूप आहे. किल्ली कुठे?… घरी, कपाटात. आणि जिन्याखाली काय ठेवलंय?

गॅस.



मी घाबरवत नाही. मापं तूच घेतलीस… होईल गं, दुसरा जिना मागच्या भिंतीला बाहेरून होईल. मी काढून… नाही, मी नाही. माझा शिक्का आता चालायचा नाही. एस्तेलाला सांगते, तीही आर्किटेक्टच आहे. ती स्वतः येऊन मापं घेईल, तिला तुझा गोड भात, बिको, खायला घाल, मग चार वेळा येईल… जूनमध्ये नाही उघडणार. ऑगस्ट धर… पालकांना खरं कारण सांग. बोलतील, बोलू देत. बहिणीने घोळ घातला म्हणून सांग.

काय?… परत म्हण, नीट ऐकू नाही आलं… "दे पत्र."

दिलंय, मनांग. सकाळी नऊला. पोचही घेतली… कारण आधी तुला विचारलं असतं तर तू रडली असतीस, आणि मी ते पत्र फाडून टाकलं असतं. तुझी नाही, मला माझीच खात्री नव्हती.

रागाव. मी ऐकतेय… हो… हो, तेही खरंय… नाही, ते नाही पटत, पण बोल.

बरं, फादरना आजच कळव, उद्यावर नको टाकू… काय ओढतेयस? कसला आवाज?… सिलिंडर? आत्ताच? अगं, एकटीने नको, जड आहे, शेजारच्या कुणाला तरी… मनांग?

हॅलो?… ठेवला.